अर्धवट कामाचा ॲबस्ट्रॅक्ट पाठवावा का? पाठवा, पण ते २४ सेकंदांचं वाक्य काढून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी तुम्ही सूर्यावर नजर ठेवणाऱ्या नासाच्या एसडीओ उपग्रहावरच्या एआयए दुर्बिणींची १७१ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची चित्रं घेतलीत. चार सौरज्वालांनंतर करोनातले (तो रोग नव्हे, सूर्याचं बाहेरचं वातावरण) नऊ लूप (तापलेल्या वायूच्या कमानी) हेलकावे घेताना सापडले. त्यांचे आवर्तनकाळ (एक हेलकावा पूर्ण व्हायला लागणारा वेळ) मोजून झालेत, त्यावरून चुंबकीय क्षेत्र काढायचं राहिलंय. सर म्हणतात, युरोपातल्या एका मोठ्या परिषदेला ॲबस्ट्रॅक्ट पाठवून दे. डेडलाइनला बारा दिवस आहेत. काम अर्धवट असताना पाठवणं बरोबर आहे का, नाकारला गेला तर नाव खराब होतं का, आणि आदित्य-एल१ या आपल्या सौरयानाचं नाव घातलं तर वजन वाढेल का, असं तुम्ही विचारलंय. सोबत मसुदा जोडलाय, तो मी दोनदा वाचला.

पहिल्यांदा मनावरचं ओझं उतरवते. अर्धवट कामाचा ॲबस्ट्रॅक्ट (परिषदेत मांडायच्या कामाचा सारांश) सगळेच पाठवतात. युरोपातल्या ईजीयू या भूविज्ञान संघटनेची परिषद व्हिएन्नात एप्रिलच्या आसपास असते आणि ॲबस्ट्रॅक्ट जानेवारीत मागतात. अमेरिकेतल्या एजीयू या तशाच संघटनेची डिसेंबरात, ॲबस्ट्रॅक्ट जुलैच्या अखेरीला. कोस्पार ही अवकाश-संशोधनाची परिषद दर दोन वर्षांनी जुलै-ऑगस्टच्या सुमारास भरते आणि फेब्रुवारीतच दार बंद करते. म्हणजे तीन ते सहा महिने आधी लिहायचं, आणि ज्याचं काम तेव्हाच पूर्ण झालेलं असतं तो बहुधा पेपर छापून पुढच्या कामाला लागलेला असतो. त्यामुळे तुमची खरी अडचण 'पाठवू का' ही नाहीच. सहा महिन्यांनी जे सांगणार आहे त्यातलं आज किती छातीठोक लिहू, ही आहे. तुमच्या मसुद्यात गडबड झालीये ती तिथेच. जे हातात आहे ते तुम्ही लपवलंत आणि जे हातात नाही ते ठासून लिहिलंत.

नाकारला जाईल का, हे परिषदेवर अवलंबून आहे. हजारोंच्या परिषदांमध्ये विषयाला धरून, नीट लिहिलेला ॲबस्ट्रॅक्ट सहसा परत येत नाही. निवड होते ती भाषण की पोस्टर याची. साठ-सत्तर माणसांच्या कार्यशाळेत मात्र खुर्च्याच मोजक्या असतात, तिथे नकार येतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. नकार कुठे छापून येत नाही, कोणी लक्षात ठेवत नाही. मला स्वतःला तीनदा आलाय. एकदा तर ज्या सेशनला नकार आला, त्याच सेशनची पुढे काही वर्षांनी मी कन्व्हीनर (सेशनमध्ये कोण बोलणार ते निवडणारी) झाले.

कन्व्हीनर म्हणून जे पाहिलं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं का म्हणतेय ते कळेल. डेडलाइननंतर आम्हा तिघाचौघांकडे एक यादी येते. त्या वर्षी शंभराच्या वर ॲबस्ट्रॅक्ट होते आणि भाषणाच्या जागा बारा. दिवसा आपापली कामं, मग रात्री जेवणं आटोपल्यावर हे वाचन. मी शीर्षक वाचते, पहिली दोन वाक्यं वाचते, मग थेट शेवटची दोन. मधलं वाचायचं की नाही हे त्या चार वाक्यांवर ठरतं. डोक्यात प्रश्न दोनच: याने काय मोजलंय, आणि हा कोणाच्या शेजारी बसेल? ॲबस्ट्रॅक्ट सुंदर आहे की नाही हे कोणी बघत नाही. बाराव्या जागेसाठी दोन सारखे असतील, तर ज्याच्यात आकडा आहे तो आत जातो. एवढं साधं आहे ते.

आता तुमचा मसुदा. ॲबस्ट्रॅक्ट इंग्रजीतच जाणार, पण इथे आशय मराठीत घेते. पहिलं वाक्य: 'सूर्य हा आपल्याला सर्वांत जवळचा तारा असून पृथ्वीवरील जीवसृष्टीचा आधार आहे.' काढा. वाचणाऱ्याने उभं आयुष्य सूर्यावर घालवलंय, त्याला तो जवळचा आहे हे माहीत आहे. दुसरं: 'करोनाचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक का, हे कोडे अद्याप सुटलेले नाही.' हेही काढा, आणि हे नुसतं फालतू नाही, घातकही आहे. ज्वालेच्या धक्क्याने लूप हलतो आणि काही आवर्तनांत शांत होतो, त्याचा करोना तापण्याच्या कोड्याशी फार लांबचा संबंध आहे. पण तुम्ही तो शब्द लिहिलात की कोणीतरी तुम्हाला करोना तापण्याच्या सेशनमध्ये ढकलणार. तिथे सगळे नॅनोफ्लेअरवर (अगदी चिमुकल्या ज्वालांवर) भांडत असतील आणि तुमच्या पोस्टरपाशी कोणी थांबणार नाही.

मग चार वाक्यं वेव्हलेट पद्धत (चढउतारांतला ताल शोधायची गणिती रीत) किती उपयुक्त आहे यावर. एका अर्ध्या वाक्यात उरकेल. मग एकदम शेवटी: 'या अभ्यासाचे निष्कर्ष परिषदेत सादर केले जातील.' हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की दिसलं की डोळे आपोआप पुढच्या ॲबस्ट्रॅक्टवर जातात. परिषदेत निष्कर्ष सादर होणार, हे परिषदेच्या नावातच आहे ना! गंमत म्हणजे तुमच्याकडे निष्कर्ष आहेत. प्रश्न विचारताना तुम्ही मला सहज लिहून गेलात की आवर्तनकाळ चार ते सात मिनिटांचे आले आणि नऊपैकी सात लूप तीन आवर्तनांच्या आत थांबले. हे मसुद्यात कुठेच नाही. लग्नाला जाऊन आहेराचं पाकीट खिशातच ठेवून परत यावं, तसं झालं.

आणि आता ते वाक्य, ज्याच्यासाठी मी एवढं लांब उत्तर लिहायला बसले. 'याशिवाय दोन ज्वालांच्या वेळी लूपच्या तीव्रतेत सुमारे २४ सेकंदांची, यापूर्वी नोंद न झालेली दोलने आढळली.' नोंद न झालेली का असतील याचा विचार केलात का? एआयए १७१ मध्ये दर १२ सेकंदांनी एक चित्र घेते. १२ सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या मोजमापात सर्वांत लहान जो आवर्तनकाळ दिसू शकतो तो बरोबर २४ सेकंद. एक चित्र वर, पुढचं खाली, पुन्हा वर. सीमेवर बरोबर बसलेला आकडा दिसला की पहिला संशय सूर्यावर घ्यायचा नाही, यंत्रावर घ्यायचा. आणि इथे यंत्राकडे कारणही आहे. ज्वाला पेटली की चित्र जळू नये म्हणून एआयए आपला एक्सपोजर आपोआप कमी करते, पण तो एकाआड एक चित्रासाठी. एक नेहमीचं, एक छोटं, पुन्हा नेहमीचं. प्रत्येक चित्राला त्याच्या एक्सपोजरच्या वेळेने भागलं नाही, तर तीव्रता दर चित्राला उड्या मारणार. भागूनही थोडा अवशेष राहतो, कारण नेहमीच्या एक्सपोजरमध्ये तेजस्वी भाग संपृक्त झालेला असतो.

तेव्हा आज रात्री एवढंच करा: त्या दोन ज्वालांच्या फाइलींच्या फिट्स हेडरमधला (चित्राच्या फाइलीला जोडलेल्या माहितीतला) 'एक्सपटाइम', म्हणजे एक्सपोजरचा वेळ, हा आकडा ओळीने छापून बघा. एकाआड एक लहान-मोठा दिसला, तर तुमची नवी दोलनं कॅमेऱ्याच्या शटरची आहेत. माझी खात्री आहे तसंच निघेल. चुकले तर आनंदच आहे, पण तेही सिद्ध झाल्याशिवाय ॲबस्ट्रॅक्टमध्ये जात नाही.

मी हे एवढ्या ठामपणे सांगते कारण मी स्वतः यातून गेलेय. एसडीओ २०१० च्या फेब्रुवारीत उडाला. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात मी त्याच्यावरच्या एचएमआय या उपकरणाने मोजलेलं सौरडागांचं चुंबकीय क्षेत्र घेऊन बसले होते. डागाच्या गाभ्यातलं क्षेत्र दर बारा तासांनी हलकंसं कमी-जास्त होताना दिसलं. एका डागात नाही, पाच डागांत. मी हरखून गेले. डेडलाइन जवळ होती. 'सौरडागांत १२ तासांची दोलने' असं शीर्षक ठोकलं, ॲबस्ट्रॅक्ट पाठवला, भाषणसुद्धा मिळालं. मग परिषदेच्या पाच आठवडे आधी, दुसऱ्याच कामासाठी उपग्रहाच्या कक्षेची आकडेवारी चाळत होते. एसडीओ पृथ्वीभोवती बरोबर एका दिवसात एक फेरी मारतो. फेरीत तो कधी सूर्याकडे जात असतो, कधी सूर्यापासून दूर, आणि हा वेग सेकंदाला काही किलोमीटर इतका बदलतो. एचएमआय लोहाच्या ६१७३ अँगस्ट्रॉमच्या वर्णरेषेवर मोजमाप घेते. उपग्रहाच्या वेगाने ती रेषा फिल्टरच्या चौकटीत इकडून तिकडे सरकते, आणि जिथे क्षेत्र जोरदार असतं तिथे मोजमापात चोवीस आणि बारा तासांची लहर उमटते. माझे पाचही डाग एकाच तालात हलत होते. पाच वेगवेगळे डाग, वेगवेगळ्या महिन्यांतले, आणि ताल एकच! हे आधी दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण मला दिसायला नको होतं.

ॲबस्ट्रॅक्ट तोवर छापून गेला होता. डेडलाइननंतर त्यात बदल करता येत नाही. मी कन्व्हीनरला मेल केला की निष्कर्ष चुकीचा ठरलाय, भाषण मागे घेऊ का. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: या, आणि का चुकीचा ठरला तेच सांगा. बारा मिनिटांच्या भाषणाच्या पहिल्या स्लाइडवर मी माझंच शीर्षक लाल रेघेने खोडून दाखवलं. नंतर चहाच्या रांगेत दोन जण गाठून म्हणाले, आमच्याकडेही हीच लहर आहे, आम्ही तिला सूर्याची समजत होतो. त्यातल्या एकाबरोबर मी नंतर काम केलं. हा प्रकार आता सगळ्यांना माहीत आहे, एचएमआय वापरणारा प्रत्येक विद्यार्थी तो शिकूनच पुढे जातो. माझा ॲबस्ट्रॅक्ट मात्र नासाच्या एडीएस या संदर्भसूचीत अजून तसाच बसलाय, चुकीच्या शीर्षकासह. शोधलंत तर सापडेल, म्हणून नाव सांगत नाही.

म्हणजे निकाल बदलला तर काय, याचं उत्तर हे. बदलू शकतो, बदलला तर तसं उभं राहून सांगायचं. पण ज्याच्यावर आजच संशय घ्यायला जागा आहे ते मुद्दाम लिहून ठेवू नका.

मग लिहायचं काय? मी विद्यार्थ्यांना तीन क्रियापदं वेगळी करायला सांगते. जे झालंय त्याला 'आढळलं'. जे चालू आहे त्याला 'तपासत आहोत'. जे फक्त मनात आहे त्याला क्रियापदच नाही, ते वहीत राहू द्यायचं. तुमच्याकडे पहिल्या खात्यात नऊ लूप आणि त्यांचे आवर्तनकाळ. दुसऱ्यात चुंबकीय क्षेत्र. आणि हे दुसरं बारा दिवसांत थोडंसं पहिल्यात ओढून आणता येईल. नऊच्या नऊ नको, एका लूपचं करा. चहाच्या कपाएवढं गणित आहे.

हेलकाव्याचा आवर्तनकाळ म्हणजे लाटेला लूपच्या या पायापासून त्या पायापर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. समजा लूप दोन लाख किलोमीटर लांब आहे आणि आवर्तनकाळ ३०० सेकंद. जाऊन-येऊन चार लाख किलोमीटर भागिले ३००, म्हणजे सेकंदाला साधारण १३३० किलोमीटर. लूपबाहेरचा वायू आतल्याच्या दहापट विरळ धरला, तर यावरून आल्फ्व्हेन वेग (चुंबकीय लाटेचा वेग) येतो सेकंदाला सुमारे १००० किलोमीटर. लूपमध्ये घनसेंटिमीटरला एक अब्ज इलेक्ट्रॉन धरा, चुंबकीय क्षेत्र निघतं १५ गॉसच्या (गॉस हे त्याचं एकक) आसपास. करोनातलं क्षेत्र थेट मोजणं किती अवघड आहे हे तुम्हाला सर सांगतीलच. इथे लूप हलताना बघून ते काढता येतं, म्हणून तर १९९० च्या दशकाअखेर ट्रेस उपग्रहाने हे हेलकावे पहिल्यांदा दाखवल्यापासून लोक यांच्या मागे आहेत.

आता खरा मुद्दा, जो तुमच्या मसुद्यात नाही आणि असायला हवा. या १५ गॉसवर विश्वास किती? क्षेत्र लांबीच्या सम प्रमाणात आहे. लांबीत वीस टक्के चूक झाली की क्षेत्रातही वीस टक्के. तुम्ही लूप अर्धवर्तुळ मानलाय, तो तिरका किंवा चपटा असेल तर इतकी चूक सहज होते. घनता मात्र वर्गमुळातून येते. तिच्यात दुपटीची चूक झाली तर क्षेत्रात चाळीस टक्के. म्हणजे आवर्तनकाळ तुम्ही सेकंदासेकंदाने नेमका करत बसलात तरी शेवटच्या आकड्यातली अनिश्चितता तिथून येतच नाही, ती घनतेतून आणि लांबीतून येते. ही गोष्ट ॲबस्ट्रॅक्टमध्ये एका वाक्यात लिहिलीत, तर वाचणाऱ्याला कळतं की या मुलीला आपल्या आकड्याचं कच्चं-पक्कं माहीत आहे. माझ्या दृष्टीने हे नव्या शोधाच्या दाव्यापेक्षा वजनदार आहे.

सगळं जोडून आशय साधारण असा होईल:

'सौरज्वालेनंतर करोनातले लूप आडवे हेलकावे घेतात आणि काही आवर्तनांत शांत होतात. आवर्तनकाळ आणि लांबी यांवरून लूपमधल्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज बांधता येतो. तो अंदाज लांबी आणि घनतेच्या गृहीतकांवर किती अवलंबून आहे, हे आम्ही तपासत आहोत. एआयएच्या १७१ अँगस्ट्रॉमच्या, १२ सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या चित्रांतून चार ज्वालांनंतरच्या नऊ लूपचा मागोवा घेतला. आवर्तनकाळ ४ ते ७ मिनिटे आढळले. नऊपैकी सात लूप तीन आवर्तनांच्या आत शांत झाले. एका लूपसाठी क्षेत्र सुमारे अमुक गॉस येते. लांबी अर्धवर्तुळाऐवजी लंबवर्तुळ मानून काढल्यास त्यात किती फरक पडतो, हे आम्ही नऊही लूपसाठी दाखवू.'

'अमुक'च्या जागी तुमचा आकडा घाला, माझा १५ नव्हे. शेवटचं 'दाखवू' हे वचन आहे, पण सहा महिन्यांत सहज पाळता येईल असं. ईजीयूसारख्या ठिकाणी शंभर ते पाचशे शब्द चालतात, एजीयूत अक्षरं मोजतात. तुमचा आशय दोन-अडीचशे शब्दांत बसेल आणि तेवढाच ठेवा. जागा उरली म्हणून भरायची नसते.

हे आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत न्या. मी अजून तसंच करते. मराठीत 'नऊ लूप मोजले' लिहिताना खोटं बोलता येत नाही. इंग्रजीत आपण थेट भारदस्त शब्दांमागे लपतो. आणि चॅटबॉटकडून चकचकीत करून आणणार असाल तर व्याकरणापुरतं ठीक आहे, पण परत आल्यावर प्रत्येक विशेषणाला विचारा, तुला कोणी बोलावलं होतं?

शीर्षक. 'करोनातील लूपच्या दोलनांचा अभ्यास' हे शीर्षक नाही, ती कपाटावरची चिठ्ठी आहे. 'चार ज्वालांनंतर नऊ लूपचे हेलकावे: चुंबकीय क्षेत्राच्या अंदाजावर लांबीचा परिणाम' असं काहीतरी ठेवा. लांबट आहे, पण यादीत हे वाचून थांबणारा माणूस नेमका तुमच्या कामाचा असेल.

आदित्यबद्दल. मोह समजतो. २ सप्टेंबर २०२३ ला आदित्य-एल१ श्रीहरिकोट्याहून उडालं आणि ६ जानेवारी २०२४ ला पंधरा लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचलं, त्या दिवशी आम्हीही पेढे वाटले. त्यावरची सूट दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत आकाराला आली याचा अभिमान आहेच. पण सूट बघते २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात, म्हणजे सूर्याचा पृष्ठभाग आणि त्यावरचा थर. तुमचे लूप सहा-सात लाख अंशांचे, ते तिथे दिसायचे नाहीत. जे वापरलं नाही त्याचं नाव घातलंत तर पोस्टरपुढे पहिला प्रश्न तोच येईल, आणि विचारणारा बहुधा सूटच्या गटातलाच असेल. तुमच्या चारपैकी एखादी ज्वाला आदित्यने काम सुरू केल्यानंतरची असेल, तर त्यावरच्या सोलेक्स या उपकरणाच्या क्ष-किरणांच्या नोंदीवरून ज्वाला नेमकी कधी पेटली ते घेता येईल. माहिती इस्रोच्या प्रदान पोर्टलवर मिळते. तसं खरंच केलंत, तर नाव लिहा.

सेशन निवडताना फक्त नावावर जाऊ नका, खालचं वर्णन वाचा. ईजीयूत आपला विभाग एसटी, एजीयूत एसएच, कोस्पारमध्ये ई२. 'लाटा आणि दोलने' किंवा 'करोनाचं भूकंपशास्त्र' (लाटांवरून करोनाची मोजमापं काढणं) असे शब्द वर्णनात असतील तिथे जा. दोन सेशनमध्ये घोटाळा वाटला तर कन्व्हीनरला दोन ओळींचा मेल टाका. लोक उत्तर देतात. भाषण की पोस्टर या रकान्यात बिनधास्त पोस्टर भरा. बारा मिनिटांच्या भाषणानंतर एखादा प्रश्न येतो, पोस्टरपुढे दीड तास माणसं येत राहतात, आणि नऊ लूपची नऊ चित्रं शेजारी शेजारी बघायला तीच जागा बरी. कापडावर छापून घ्या, घडी करून बॅगेत जातं. कागदाची नळी घेऊन विमानात चढायचा ताप माझ्या वैऱ्यालाही नको.

नाव. हे किरकोळ वाटेल, पण माझं पहिलं नाव इथेच हरवलं. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो. मी फॉर्ममध्ये तसाच भरला. संगणकाने शेवटचा शब्द आडनाव मानला आणि माझा पहिला ॲबस्ट्रॅक्ट वडिलांच्या नावाने सूचीत गेला. बाबा खूश झाले, त्यांचा एडीएसवर एक शोधनिबंध आहे म्हणून. तुम्ही आजच ठरवा की आयुष्यभर कुठलं रूप वापरणार, ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) काढा आणि फॉर्ममध्ये आडनावाच्या रकान्यात आडनावच आहे ना ते बघा. पासपोर्टशीही जुळवा, कारण स्वीकृतीचं पत्र व्हिसाच्या अर्जाला जोडायचं असतं. लग्नानंतर नाव बदलायचा विचार असेल तर छापील नाव बदलू नका, एवढं मी अनुभवाने सांगते.

सहलेखकांना मसुदा किमान आठवडा आधी पाठवा आणि प्रत्येकाचं 'हो' लेखी घ्या. सरांनी 'यांचंही घाल' म्हटलं म्हणून न विचारता कोणाचं नाव घालू नका. प्रोग्रॅम तुम्हाला दुसऱ्या कॉलेजातल्या सीनियरने लिहून दिला असेल तर तिला विचारा.

बारा दिवसांपैकी अकराव्या दिवशी पाठवून मोकळं व्हा. ईजीयूची डेडलाइन सहसा मध्य युरोपच्या दुपारी एकची असते, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेपाच. मध्यरात्रीची समजून बसलेली मुलं मी पाहिलीत. काही मोठ्या परिषदांना ॲबस्ट्रॅक्टबरोबरच फी भरावी लागते, ती परत मिळत नाही, आणि आपल्या बँकेच्या नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतो. तो ॲपमधून आधी सुरू करून ठेवा. मुख्य लेखकाने सभासद असावं अशीही अट काही ठिकाणी असते, विद्यार्थ्यांना सभासदत्व स्वस्त पडतं. प्रवासखर्चाचे अर्ज स्वीकृतीचं पत्र आल्याशिवाय पुढे सरकत नाहीत, तोवर सरांच्या मागे लागून विभागाकडून काही होतं का बघा. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, मुंबईची अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी परीक्षा.

पण हे सगळं नंतर. आधी ते हेडर उघडा. एक्सपटाइमची रांग कशी दिसते ते इथेच लिहा, आणि एका लूपचं क्षेत्र किती आलं तेही, घनता कुठून घेतलीत त्यासकट. मग पुढचा मसुदा बघते.